देवाला दिलेला शब्द

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात दुसऱ्या दिवशी हरिपाठाआधी झालेलं प्रवचन. बोललं तसंच उतरून घेतलं आहे.)

पोरांनो, पुढं या. जागा आहे. मागं उभं राहिलेल्याला ऐकू कमी येतं आणि चहाचा वास जास्त येतो.

मी चौथी शिकलेला माणूस. पाचवीला शाळा दुसऱ्या गावात होती आणि बैलं आमच्या गावात होती, म्हणून बैलांकडं राहिलो. तेव्हा माझ्याकडून शास्त्राची अपेक्षा करू नका. शेतात जे दिसलं आणि दिंडीत जे ऐकलं तेवढंच सांगणार आहे. विषय मंडळींनी दिला आहे, देवाला दिलेला शब्द. माणूस देवाला शब्द देतो म्हणजे काय करतो, आणि दिल्यावर तो पाळायचा कसा.

आता आपल्या भाषेत बघा. नवसाला आपण काय म्हणतो? नवस फेडला. आणि कर्जाला काय म्हणतो? कर्ज फेडलं. शब्द एकच. म्हणजे नवस बोलताना आपण मनात देवाला सावकार करून ठेवलेलं असतं. माझं काम कर, मग तुझं देणं देतो. वारीला मात्र कुणी म्हणत नाही की मी वारी फेडली. वारी चालवतात, नेम चालवतात. आजोबानं चालवली, बापानं चालवली, आता मी चालवतोय. फेडलं की संपतं. चालवायचं ते संपत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी हे दोन शब्द वेगळे ठेवले ते उगीच नाही ठेवले.

नवसाची तुकोबारायांनी किती थट्टा केली आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. गाडगेबाबा तर खराटा घेऊन गावोगाव हेच सांगत हिंडले. देवापुढं बकरं कापू नका, ऋण काढून जेवणावळी घालू नका. १९५६ साली बाबा गेले. तेव्हापासून किती वर्षं झाली, हिशेब करा. आणि आजही आपल्याच भागात नवसाचं गावजेवण घालायला माणूस सोनं गहाण ठेवतो.

एक माउली आपल्या दिंडीत चालते. नाव सांगत नाही, ती इथंच बसली आहे आणि मी हे सांगावं असं तिनंच मला सांगितलं. तिच्या मालकांनी नवस बोलला होता, विहिरीला पाणी लागलं तर गावाला पुरणपोळी घालीन. पाणी लागलं. पण त्या साली कांद्याला भाव मिळाला नाही, तेव्हा जेवण पुढं ढकललं. दुसऱ्या साली थोरलीचं लग्न निघालं, परत ढकललं. तिसऱ्या साली तो माणूस तापानं आठ दिवसांत गेला. आणि दहाव्याला, नदीवर, पिंडाला कावळा शिवायच्या आधी माणसं बोलायला लागली. नवस फेडला नाही म्हणून गेला. मग त्या बाईनं काय करावं? घरात दोन पोरं, डोक्यावर सोसायटीचं कर्ज, आणि तिनं वर्षाच्या आत अजून कर्ज काढून गावाला पुरणपोळी घातली. का? उद्या पोराला काही झालं तर परत माणसं हेच म्हणतील, या भीतीनं. गाव जेवलं. ज्यांनी तोंड उचलून बोललं होतं ते पंगतीत पहिले बसले.

मी विचारतो, त्या पंगतीत पांडुरंग जेवला असेल का? मला नाही वाटत.

माउली, विठोबा माणसं मारत नाही. पुरणपोळीसाठी तर नाहीच नाही. दामाजीपंतांनी मंगळवेढ्याची कोठारं दुष्काळात लोकांसाठी खुली केली, तेव्हा त्यांचं देणं भरायला विठू महार होऊन बादशहाकडं कोण गेला म्हणून आपण सांगतो? जो देव दुसऱ्याचं देणं स्वतः भरतो अशी आपण कथा सांगतो, तोच देव एका गरिबाच्या विहिरीवरचं जेवण राहिलं म्हणून त्याच्या घरावर जप्ती आणतो, हे दोन्ही एका तोंडानं कसं सांगायचं? यातलं एक सोडावं लागेल. दिंडीतल्या कुणी माणसानं, कुणाच्याही मरणाला, नवस राहिला म्हणून गेला हे वाक्य तोंडातून काढू नये. मी हात जोडून सांगतोय.

आता कुणी म्हणेल, बुवा, देव शिक्षाच करत नाही तर मग शब्द पाळायचा कशाला? दिला आणि विसरला, काय बिघडलं?

तर याला उत्तर माझ्यापाशी पुस्तकातलं नाही. बहात्तर सालचं आहे.

१९७२ चा दुष्काळ इथं बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनी बघितलाय. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. पावसानं तोंड फिरवलं, बाजरी वितभर येऊन वाळली, ज्वारीचा तर पेराच झाला नाही. हिवाळ्यात खडी फोडायची कामं निघाली. घरातली सगळी माणसं, बाया, पोरं, रस्त्याच्या कडंला बसून खडी फोडायची. अमेरिकेचा लाल मिलो खायचा, सुकडी खायची. त्याच्या पुढच्या साली, म्हणजे त्र्याहत्तरला, आषाढी जवळ आली. आता कामावरून नाव कमी झालं तर आठवड्याची हजेरी बुडते, हजेरी बुडाली तर घरात चूल पेटत नाही. आणि दिंडीची भिशी कुठून भरायची? कुणाकडं दाणा नाही.

माझे आजोबा तेव्हा दिंडीत वीणा घ्यायचे. देवळात बैठक झाली. मी खांबाला टेकून बसलो होतो, मला आठवतंय. काही म्हणाले, एक साल नको. पांडुरंगाला कळतंय. आजोबा म्हणाले, "त्याला कळतंय रे. पण आपल्याला कळायला पाहिजे की आपण काय बोललो होतो." मग त्यांनी वाटणी केली. ज्याच्या घरात खाणारी तोंडं जास्त, त्यानं कामावरच राहायचं, त्याला वारीला यायची बंदी. बंदी म्हणजे बंदी. ज्याचा भाऊ, पोरगा कामावर आहे आणि ज्याच्यावाचून घर अडत नाही, त्यानं चालायचं. राहणाऱ्यानं जमेल तर मूठभर पीठ द्यायचं, नाही जमलं तर नुसतं नाव द्यायचं.

तर त्या साली आपली दिंडी मोजक्या माणसांनिशी गेली. मुक्कामाला पाल नव्हतं, झाडाखाली निजले. पंगती बहुतेक ठिकाणी बंद होत्या, लोकांनाच खायला नव्हतं. आणि पंढरपुरात पोचल्यावर आजोबांनी चंद्रभागेच्या वाळवंटात उभं राहून, ओंजळीत पाणी घेऊन, मागं राहिलेल्या एकेकाचं नाव घेतलं आणि एकेक ओंजळ सोडली. भिशीची त्या सालची वही अजून आपल्याकडं आहे, बाहेर मांडलीय, बघून घ्या. त्यात चाललेले आणि राहिलेले अशा दोन याद्या नाहीत. यादी एकच आहे. काही नावांपुढं शेर, पावशेर लिहिलंय आणि काहींपुढं फक्त रेघ आहे. ती रेघ म्हणजे नाव दिलेला माणूस.

मला त्या दिवशी कळलं नाही, खरं सांगतो, पोर होतो. पण पुढं समजलं की दुष्काळात गावाजवळ काहीच राहिलं नव्हतं. जनावरं छावणीला गेली, भांडी मोडीला गेली, दागिने गेले. एक बोललेला शब्द तेवढा राहिला होता, तोही सोडला असता तर गाव म्हणून शिल्लक काय राहिलं असतं? देवाला आपल्या चालण्याची गरज नाही. तो विटेवर उभा आहे, त्याला कुठं जायचं नाही. गरज आपल्याला होती.

शेतकऱ्याच्या वारीत एक जुनी अडचण आहे, ती शहरातल्या माणसाला कळत नाही. आषाढी एकादशी इंग्रजी महिन्यात पुढं-मागं सरकते. २०२४ साली ती १७ जुलैला आली. मृग होऊन गेला, पेरून निघता आलं. २०२३ ला मात्र २९ जूनला आली. म्हणजे माउलींचं प्रस्थान जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन मृगात. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास वाट, १८-२० दिवस आणि वर परतायचे दिवस. महिनाभर घर सोडायचं आणि तेवढ्यात वाफसा आला तर पाभर कुणी धरायची? पेरणी एकदा चुकली की साल चुकलं. अधिक महिना येऊन गेला की एकादशी पुढं जाते आणि आम्ही सुटतो, नाही तर दर दोन-तीन सालांनी हा पेच असतोच.

२०२३ ला बरेच जण म्हणाले, यंदा पेरणीसाठी थांबतो. थांबले. आणि त्या साली पाऊस लांबला, जूनच्या शेवटच्या आठवड्यात आला. आम्ही वारी करून माघारी आलो तरी शेजाऱ्याची पाभर भिंतीलाच होती. लगेच आमच्यातले काही जण म्हणायला लागले, बघा, देवानं आपल्यासाठी पाऊस थांबवून धरला. मी म्हणालो, गप बसा. वारकऱ्याच्या चार एकरांसाठी देव सगळ्या महाराष्ट्राची पेरणी अडवून धरतो काय? उद्या एखाद्या साली आपण वारीत असताना पाऊस पडून वाफसा निघून गेला, तर मग काय म्हणणार, देव रागावला? असले हिशेब मांडायचेच नाहीत. पाऊस पावसासारखा पडतो.

पण म्हणून पूर्वीची माणसं काय करायची ते सांगतो, कारण हे पोरांना माहीत नाही. इर्जिक करायची. वारीला गेलेल्याच्या रानात वाफसा आला की गावात राहिलेले आपापले बैल घेऊन एका दिवसात त्याचं रान पेरून मोकळे व्हायचे. मजुरी नाही. घरच्या बाईनं जेवण घालायचं, बस. माझी आजी सांगायची, आजोबा वारीत असताना आमच्या रानात एका वेळी नऊ जोड्या उभ्या असायच्या. नेम आजोबांचा, पण तो पाळला नऊ जणांनी. त्यातले निम्मे माळकरी सुद्धा नव्हते. आता बैल गेले, ट्रॅक्टर आला, तासाला पैसे पडतात. ट्रॅक्टर असलेल्या पोरांना माझं मागणं आहे, वर्षातनं एक दिवस. डिझेल दिंडी घालंल, बाकी तुम्ही बघा.

सावतोबांचं नाव घेऊन पुष्कळ माणसं घरी बसतात. सावतोबा पंढरपूरला गेले नाहीत, मळ्यातच त्यांना देव भेटला, मग आपण कशाला जायचं? बरोबर आहे. पण सावतोबांचा मळा बघा आणि आपलं तण बघा. अरणच्या त्या माणसानं मळ्यात राबण्याचाच नेम धरला होता, आणि तो एक दिवस मोडला नाही. जो घरी राहतो त्यानं सावतोबांसारखं खुरपं तरी धरावं. पारावर पत्ते खेळणाऱ्याच्या कामाला ते नाव येत नाही.

उलट बाजूनं पण एक सांगतो. पुंडलिकाकडं देव आला तेव्हा पुंडलिक काय करत होता? आईबापाची सेवा. देवाला वीट दिली आणि थांब म्हणाला. आणि देव थांबला! अजून थांबलाय. म्हणजे पंढरपूरच उभं आहे ते एका थांबायच्या शब्दावर. आपल्या दिंडीत पूर्वी एक गृहस्थ होते, पंचवीस-तीस वाऱ्या झालेल्या. त्यांची आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली. दुसरं कुणी करणारं नाही. ते आजोबांकडं रडत आले, नेम मोडतोय म्हणून. आजोबांनी एवढंच विचारलं, "आईला पाणी कोण पाजंल?" गृहस्थ म्हणाले, कुणी नाही. "मग तुझं पंढरपूर कुठं आहे?" चार वर्षं ते गेले नाहीत. आई गेली, वर्षश्राद्ध झालं आणि पाचव्या साली टाळ घेऊन परत रांगेत उभे राहिले. त्यांची जागा कुणी घेतली नव्हती. टाळकऱ्यांच्या ओळीत चार वर्षं तेवढी एक जागा मोकळी ठेवून चालायचो आम्ही.

२०२० साल आलं तेव्हा मला हीच गोष्ट सारखी आठवायची. करोना. पायी वारी बंद. माउलींच्या, तुकोबारायांच्या पादुका एस.टी.त बसून पंढरपूरला गेल्या, आपण घरात बसून टीव्हीवर बघितल्या. १ जुलैला एकादशी, आणि पंढरपूर रिकामं. आयुष्यात असं कधी बघायला मिळंल वाटलं नव्हतं. मला गावोगावचे फोन. बुवा, वारी मोडली का आमची? मी म्हणालो, शब्द आपण कुणाला दिलाय? पांडुरंगाला. आणि त्याच्या गावात रोग घेऊन जायचं असा शब्द दिला होता का? मग कसली मोडली. रोज जेवढं चाललो असतो तेवढा वेळ देवळाभोवती एकट्यानं फेऱ्या घाला, हरिपाठ घरात म्हणा, भिशीचे पैसे गावात ज्याच्या हाताला काम नाही त्याला द्या. पुष्कळांनी केलं. आपल्या दिंडीतली काही माणसं त्या दोन सालांत गेली. त्यांचे टाळ त्यांच्या घरच्यांनी दिंडीत आणून दिलेत. ते आज या मांडवात वाजणार आहेत.

आता माळेचं. माळ घालताना आपण काय बोलतो ते आठवा. एकादशी करीन. वर्षाच्या २४ आणि अधिक मास आला तर २६. मांस-मद्य वर्ज्य. रोज हरिपाठ. वारी चुकवणार नाही. परक्याचं धन आणि परक्याची बाई याकडं वाकड्या नजरेनं बघणार नाही. तुळशीचे मणी हलके असतात, वजन या बोलण्याचं असतं. म्हणून पोरांना मी सांगतो, भजनाच्या भरात, पखवाज चढला म्हणून माळ घालू नका. घरी जा, बायकोला विचारा, आठ दिवस थांबा, मग या.

आमच्या गावात एक जण होता. दारूनं घर धुऊन नेलं होतं. त्यानं माळ घातली, दीड वर्ष उत्तम चालला. मग एका लग्नात सोबत्यांनी पाजली. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर माळ काढून खुंटीला अडकवली आणि देवळाकडं यायचा बंद झाला. लाजेनं. आपल्या सध्याच्या विणेकरी बाबांनी काय केलं, ते तीन दिवसांनी त्याच्या घरी गेले. खुंटीवरची माळ घेतली, म्हणाले, "दोरा तुटलाय वाटतं. मणी आहेत ना सगळे?" तिथंच बसून नव्या दोऱ्यात ओवली. दुसरं एक अक्षर बोलले नाहीत. तुळशीच्या माळेचा दोरा वर्षाला एकदा झिजतो, तुटतो. कुणी मणी फेकून देतं का? पंढरपुरात माळा ओवून देणाऱ्यांची दुकानं त्यावरच तर चालतात. त्या माणसानं पुढं परत घेतली का? घेतली, अजून एकदा. परत ओवली. आता चौदा वर्षं झाली, नाही. सध्या दिंडीच्या ट्रकचं सामान त्याच्या ताब्यात असतं.

प्रार्थनेचं एक राहिलं. नामदेवरायांची लहानपणची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. घरून नैवेद्याचं ताट दिलं, देवाला जेवू घाल म्हणून सांगितलं. पोर बसलं देवापुढं. देव जेवेना तर रडलं, हट्ट केला, डोकं आपटायला निघालं. शेवटी देव जेवला. या गोष्टीत नामदेवांनी मागितलं काय? काहीच नाही. जेव म्हणाले. आपली प्रार्थना बघा. सकाळी उठल्यापासून यादी. सोयाबीनला भाव, पोराला नोकरी, गुडघ्याला आराम. मागू नये असं मी म्हणत नाही. गुडघे माझे पण दुखतात, आणि ज्याच्याकडं मागायचं त्याच्याकडंच मागणार, शेजाऱ्याकडं थोडंच मागणार? मागा. फक्त मागण्याला शब्द बांधू नका. भाव आला तर वारी करीन, असं नको. वारी करीन. भाव आला तर बरं.

आणि दुसऱ्याच्या पायानं नवस बोलू नका. मागं एका आजीनं नातीच्या नावानं बोललं होतं, बरी झाली तर नात अनवाणी चालत येईल. नात आठ वर्षांची. दिवे घाटात डांबर तापलेलं, पोरीच्या पायाला फोड. आम्ही तिला उचलून पाण्याच्या टँकरवर बसवलं. आजीची समजूत काढायला सासवडपर्यंतची वाट लागली. बोलायचं तर आपल्या जिभेनं, आपल्या पायांसाठी आणि आपल्या खिशापुरतं. गीतेच्या नवव्या अध्यायात देव पान, फूल, फळ, पाणी एवढ्यावर राजी आहे म्हणतो. यात कर्जानं आणायचं काय आहे सांगा मला.

वेळ बघतोय मी, विणेकरी बाबा दोनदा घड्याळाकडं बघून झाले. एवढंच सांगतो आणि खाली बसतो. उद्या काकड्यानंतर बाहेरच्या टेबलावर नवी वही ठेवणार आहेत, येत्या आषाढीची. चालणाऱ्यानं नाव लिहावं. म्हातारपणानं, आजारपणानं, घरच्या अडचणीनं ज्याला चालता येणार नाही, त्यानं पण लिहावं, पुढं रेघ मारावी. आणि ट्रॅक्टर असलेल्यांनी पानाच्या पाठीमागं लिहा, तिथं इर्जिकीसाठी जागा सोडायला सांगितलीय मी.

चला, टाळ घ्या. ज्यांच्या घरून ते टाळ आलेत, त्या घरच्यांनी पुढच्या ओळीत उभं राहायचं आहे. बोला, राम कृष्ण हरी.